टबातली वाळू

फोन आला तेव्हा मी अभिजितसाठी पोळ्या करत होते. माझा धाकटा भाऊ फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर एकटाच सर्फिंगला गेला होता. परतताना, फ्रँकफर्टला घरी पोचण्याआधी, तो नेहमीसारखा कायझर्सलाउटर्नला माझ्याकडे जेवायला थांबणार होता. फोनवर त्याची बायको मृणाल होती. "ताई, अभि… किनाऱ्यावर सापडला," एवढंच ती म्हणाली.

शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले, "आवडीचं काम करता करता गेला, भाग्यवान!" भाग्यवान म्हणे! या गृहस्थांना पाय ओले झाले तरी सर्दी होते. अभिला पिठलं आवडायचं, लेकीला खांद्यावर घेऊन फिरायलाही आवडायचं. ते करता करता कुणी मरत नाही. आणखी एका बाईंनी त्याला समुद्रवीर करून टाकलं. वीर कसला, हट्टी गाढव होता! आमचं बालपण रेवदंड्याचं. समुद्र खवळला की तिथे होड्या वर ओढून ठेवतात आणि पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्यांना त्यात कमीपणा वाटत नाही. हा गाड्यांचे ब्रेक बनवणारा इंजिनिअर मात्र वादळाचा अंदाज वाचून रजा टाकायचा.

"निदान कुणाला तरी सोबत ने," मी म्हणायचे.

"अगं ताई, सोबतचा घाबरतो, मग मीपण घाबरतो."

हे त्याचं तत्त्वज्ञान!

आला की तो आपला काळा रबरी सूट माझ्या बाथटबमध्ये धुवायचा, कारण घरी धुतला तर मृणाल भडकायची. म्हणजे साहेब बायकोला भिणार, अटलांटिकला नाही. दर वेळी वाळूने टबाचा पाइप तुंबायचा, मी ओरडायचे आणि तो आणखी एक पोळी वाढून घेत म्हणायचा, "गेनाऊ, अगदी बरोबर, पुढच्या वेळी बाहेर धुतो." कधीच धुतला नाही. मला अजून त्याचा संताप येतो… इतका, की भांडी घासताना मी त्याच्याशी मोठ्याने भांडते.

परवा आमच्या इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर दारात उभा राहिला. पाइपची तक्रार मीच केली होती, अभि असताना. हातात तार, बादली. "दहा मिनिटांत मोकळा करतो," म्हणाला.

मी त्याला कॉफी पाजली आणि तसाच परत पाठवला.

हल्ली अंघोळ करताना घोट्यापर्यंत पाणी साचतं. फार हळू जातं. ते जाईपर्यंत मी तिथेच उभी राहते.