मामींच्या पडवीत माझं पुस्तक

दुसऱ्याच्या वतीने रागावण्यात माझ्या बायकोच्या मामींचा हात धरणारं माणूस अख्ख्या रत्नागिरीत सापडायचं नाही. कोल्हापूरहून येताना कंडक्टरने कुणा अनोळखी म्हाताऱ्याला ‘सरक पुढे’ म्हटलं म्हणून त्या भांडून पालीलाच उतरल्या. म्हातारा आरामात बसून रत्नागिरीला पोचला, मामी भर उन्हात स्टँडवर. आमच्या लग्नात मुलांच्या पंगतीला अर्धी अर्धी जिलबी वाढताना पाहून त्यांनी वाढप्याच्या हातातलं ताटच काढून घेतलं. मुलांचा अपमान हा तर त्यांचा खास प्रांत. मला त्या ‘जावईबापू’ म्हणतात आणि त्या आदराच्या आडून वाटेल ते बोलतात.

तर मी मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं. बोटीवर नोकरीला असलेले बाबा, त्यांची वाट पाहणारी सायली आणि वाढदिवसाच्या सकाळी दारात उभे राहिलेले बाबा. छापण्याआधी मुलांना वाचून दाखवावं म्हणून खर्डा घेऊन मामींकडे गेलो, कारण संध्याकाळी आजूबाजूची पोरं त्यांच्याच पडवीत जमतात. पण मामी मला वाचू देतील तर ना! लिहिणाऱ्यासमोर पोरं खरं बोलत नाहीत म्हणे. मला माजघरात बसवलं आणि स्वतः वाचायला लागल्या. कुणी जांभई दिली की तिथे लाल पेन्सिलीने फुली. समुद्राच्या वर्णनावर मी किती रात्री घालवल्या होत्या! एका पोराने ‘समुद्र तर तिथेच आहे, तो कशाला सांगताय?’ असं विचारलं आणि अख्खं पान गेलं. मी आत दात-ओठ खात बसलो होतो.

शेवटी बाबा दारात आले, आणि एक मुलगी मुकाट्याने उठून घरी गेली. तिचे वडील बोटीवर असतात. मामी तणतणत आत आल्या.

“जावईबापू, त्या पोरीचा अपमान केलात तुम्ही.”

ही गोष्ट आहे, गोष्टीत बाबा येऊ शकतात, असं मी चिडून म्हणालो.

“येऊ देत की. पण नेमके वाढदिवसाला कशाला? तिचे आले नाहीत. मग त्यांची माया कमी, असंच समजायचं ना तिनं?”

मी चहा न घेता निघालो. पुढे आठ दिवस घरी धुमसत होतो आणि त्याच रागात शेवट बदलला. आता वाढदिवस तसाच जातो, फोन मध्येच तुटतो, आणि बाबा येतात ते पुढे केव्हातरी, सायली शाळेत असताना.

मामींनी पुन्हा वाचलं. या वेळी मला दारात बसायची परवानगी होती. ती मुलगी शेवटपर्यंत बसली. मग तिने विचारलं, “बाबांनी तिला लगेच ओळखलं? ती उंच झाली असेल ना.”

मामींनी माझ्याकडे पाहिलं. रागाचा मागमूस नव्हता. “सांगा, जावईबापू.”

“लगेच ओळखलं,” मी म्हणालो. पुस्तकातलं शेवटचं वाक्य तेच आहे.

मामी आता पनवेलला मुलाकडे असतात. परवा मी नव्या पुस्तकाचा खर्डा एका शाळेत वाचला. बाईंनी खूण करताच मुलांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मामींना फोन लावला आणि गोष्ट वाचायला लागलो. अलीकडे त्यांना नीट ऐकू येत नाही. मध्येच म्हणाल्या, “छानच असेल हो.”

मामी मला असं कधी बोलल्या नव्हत्या. मी फोन ठेवला आणि लाल पेन्सिल शोधायला लागलो.