हडळीचे बूट

"घाबरायचं, पण पळायचं नाही," असं म्हणत काकू मुलाला आरशासमोर उभं करायच्या आणि मागून त्याचे दोन्ही खांदे घट्ट दाबायच्या. अंगावर पोशाख मावळ्याचा असो, वाघाचा असो की वांग्याचा, हे वाक्य ठरलेलं. वांग्याने कशाला घाबरायचं, असं मी एकदा विचारलं. तोंडातली टाचणी काढून त्या म्हणाल्या, "हॉलभर माणसं टक लावून बघतात, टीचर. तुम्ही उभ्या राहाल वांगं होऊन?"

भोईवाड्यात, कोर्टाच्या अलीकडच्या गल्लीत त्यांचं फॅन्सी ड्रेसचं दुकान होतं. तुमची मुलं आमच्या बाजूच्या बालवाडीत गेली असतील तर तुम्हीही तिथल्या बाकड्यावर बसला असाल. वर दांडीला झब्बे आणि जिरेटोप, टोपलीत भाज्यांच्या टोप्या आणि शिलाई मशीनमागे चष्मा कपाळावर चढवलेल्या काकू. त्यांचं माहेर ठाकूरद्वारचं, आजोळ कुडाळकडचं. विमा कंपनीतली क्लार्कची नोकरी मुदतीआधी सोडून त्यांनी हा उद्योग मांडला होता. का, तर म्हणे तिथे टेबलासमोर येणारं एकही माणूस कधी हसत नव्हतं.

अलीकडे ऑक्टोबर संपत आला की मुलं प्लॅस्टिकची कवटी आणि चेटकिणीची टोपी मागायला येत. काकू तीही ठेवत. परक्या भुतांवर त्यांचा राग नव्हता. फक्त टोपीबरोबर आपल्या भुतांची एखादी गोष्ट ऐकावी लागे. पिंपळावरचा मुंजा, पाण्यातून मासे मागणारा गिऱ्हा, वाट चुकवणारा चकवा. आणि आजोळचा नरकासुर तर हटकून. गवत आणि चिंध्या भरून पोरांनी केलेला तो अक्राळविक्राळ पुतळा नरक चतुर्दशीला पहाटे जाळायचा, मग अंघोळ, मग कडू कारीट पायाखाली फोडून जिभेला लावायचं, आणि त्यानंतरच फराळ. "आपली दिवाळी सुरूच राक्षसापासून होते," असं त्या अगदी अभिमानाने सांगत.

मी जवळच्याच एका शाळेत दुसरीला शिकवते. एका वर्षी आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांसाठी भुतांचा कार्यक्रम करायचं ठरवलं आणि पोशाखांचं काम माझ्याकडे आलं. काकूंनी लगेच अट घातली. परक्यांचे दात विचकणारे भोपळे आणि चेटकिणी असू देत, पण निम्मी भुतं आपली हवीत. मी कबूल झाले आणि मापं द्यायला वर्गातल्या मुलांना घेऊन दुकानात गेले.

त्यात तन्वी होती. आमच्या शाळेतल्या पॅसेजच्या टोकाच्या बाथरूममध्ये एक बाई राहते, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून ती तिथे जाईना. जावं लागू नये म्हणून पाणीच पिईना. बाटली सकाळी भरून यायची आणि तशीच घरी जायची. जूनपासून दोनदा ती तापाने आजारी पडली होती. डॉक्टरांनी तिच्या आईला स्पष्ट सांगितलं होतं की पोरीने पाणी प्यायलंच पाहिजे. आम्ही समजावलं, बरोबर गेलो, दिवा चालू ठेवला. काही उपयोग झाला नव्हता.

काकूंना मी हे हळू आवाजात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग ही आपली हडळ."

मला ते पटलं नाही. पण काकूंनी एकदा ठरवलं की माघार नसे. त्या तन्वीजवळ गेल्या आणि तिच्यासमोर बसून त्यांनी विचारलं, "काय गो, तुमच्या शाळेच्या बाथरूममधल्या बाईचे पाय कसे आहेत?"

तन्वीने स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, "पाय कोणी बघितलेच नाहीत."

"मग ते आपण करूया. हडळीची पावलं उलटी असतात."

पुढचे काही दिवस शाळा सुटल्यावर तन्वीची आई तिला दुकानात सोडायची. जुन्या कॅनव्हासच्या बुटांना काकूंनी टाचेच्या बाजूला पुठ्ठ्याची पावलं जोडली. बोटं तन्वीने कातरली. नखांवरून दोघींचं वाजलं. काकूंना काळी नखं हवी होती, तन्वीला गुलाबी.

"हडळीला गुलाबी?"

"तिचं लग्न ठरलेलं होतं," तन्वी म्हणाली. काकूंनी मुकाट्याने गुलाबी नेलपॉलिश आणलं.

कार्यक्रम तोंडावर आला आणि एका मुलाचे वडील शाळेत आले. आम्ही घरी मुलांना भूत नसतं असं शिकवतो आणि तुम्ही शाळेत हडळ आणता, असं त्यांचं म्हणणं होतं. माणूस भांडखोर नव्हता, मनापासून बोलत होता. मुख्याध्यापिकाबाईंनी विचार करून मुंजा, हडळ वगैरे सगळं रद्द केलं. भोपळे तेवढे ठेवले. मी काकूंना फोन केला. दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धंच उघडून त्या शाळेत हजर झाल्या. त्या वडिलांनाही बोलावून घ्या म्हणाल्या आणि ते येईपर्यंत ऑफिसबाहेरच्या बाकावरून हलल्या नाहीत.

त्यांनी कोणाला दुखावलं नाही. आधी त्या वडिलांचं बरोबर आहे म्हणाल्या. आपणही भुतं मानत नाही, हेही सांगितलं. मग म्हणाल्या, "पण भीती आहे ना हो. आपण बोललो नाही म्हणून मुलं घाबरायची थांबत नाहीत. एकटी घाबरतात."

मग मी तन्वीचं नाव न घेता पाण्याच्या बाटलीची गोष्ट सांगितली. त्या गृहस्थांनी हातातलं हेल्मेट बाजूला ठेवलं. शेवटी म्हणाले, गोष्ट ही गोष्टच आहे एवढं मुलांना कळलं पाहिजे. त्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी तोडगा काढला. प्रत्येक भुताने शेवटी मुखवटा काढून स्वतःचं नाव सांगायचं. काकू म्हणाल्या, हे आपल्याला आधीच सुचायला हवं होतं, आणि मुखवट्यांचे बंद सैल करायला निघून गेल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. मुंजा पडला, गिऱ्ह्याचे मासे सांडले, भोपळ्यांनी दंगा केला. मग हडळ आली आणि पडद्याजवळच थांबली. लांब केस, पांढरी साडी, खाली गुलाबी नखांची उलटी पावलं. ती हलेना. मी विंगेतून पुढे जाणार होते, काकूंनी माझा दंड धरला. नुसत्या समोर बघत राहिल्या.

तन्वी चालायला लागली. पावलं स्टेजच्या मागच्या भिंतीकडे वळलेली, आणि हडळ मात्र प्रेक्षकांकडे येणारी. मुलं आनंदाने किंचाळली. पहिल्या रांगेतली शिशुवर्गातली एक चिमुरडी मात्र खरंच रडू लागली. तन्वी तशीच स्टेजच्या पायऱ्या उतरली, तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि मुखवटा वर केला. "मी तन्वी आहे," ती म्हणाली. "पाय पुठ्ठ्याचे आहेत. हात लावून बघ."

त्या मुलीने नखाला हात लावला. काकूंनी तेव्हा कुठे माझा दंड सोडला. दिवाळीनंतर दंडावरचा वळ गेला.

तन्वी त्या दिवसापासून निर्भय झाली, असं मी म्हणणार नाही. सुट्टीनंतर ती मैत्रिणीला घेऊन पॅसेजच्या टोकाला जाऊ लागली, मैत्रिणीला दाराशी उभं करून. नाताळाच्या सुमारास एकटी गेली. त्या दिवशी परत येऊन तिने रिकामी बाटली माझ्या टेबलावर ठेवली आणि भरून आणू का, असं विचारलं.

काकूंची इमारत पुनर्विकासात गेली. नव्या जागेत दुकान परवडेना, म्हणून त्यांनी आजोळी जायचं ठरवलं. तिकडच्या शाळांना पोशाख लागत नाहीत का, असं त्या मलाच दरडावून विचारत होत्या. गेल्या मे महिन्यात त्या तिकडे राहायला गेल्या, आणि गणपतीनंतर त्यांच्या भाच्याचा फोन आला. झोपेतच गेल्या म्हणाला.

मला आठवतो तो मे महिन्यातला टेंपो. मागे सगळी गाठोडी, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी नाक्यापर्यंत सोडायला निघालेली मी आणि खिडकीशी काकू. वेताळाच्या पोशाखाचं भलंमोठं डोकं गाठोड्यांत मावलं नाही म्हणून ते मांडीवर. सिग्नलला शेजारी एक स्कूटर थांबली. पुढे उभा असलेला छोटा मुलगा ते डोकं बघून बापाला चिकटला. काकूंनी डोकं उलटं करून त्याची आतली बाजू खिडकीतून त्याच्यासमोर धरली. आत जुन्या सुती लुगड्याचं मऊ अस्तर होतं. मुलाने जरा थांबून हात लांब केला आणि वेताळाच्या डोळ्यातून बोट बाहेर काढलं. मागे हॉर्न वाजू लागले. काकूंनी ड्रायव्हरला हाताने थांब म्हणून खूण केली, कारण मुलाला दुसऱ्या डोळ्यातूनही बोट बाहेर काढायचं होतं.