मगदूम बाईंच्या वर्गातली टिचकी

मगदूम बाई गेल्या. त्यांच्या वर्गाला कागदावर कच्चा ठरवणारा शहाणा मीच.

दोन वर्षं झाली. दुसरीच्या पोरांनी मिनिटाला किती शब्द वाचले म्हणजे वाचन चांगलं, हे शिक्षण खात्याच्या आमच्या कमिटीला ठरवायचं होतं. एक तात्पुरता आकडा धरून त्याच्या ट्रायलसाठी मी गडमुडशिंगीच्या पुढं बाईंच्या शाळेत गेलो. हातात मोबाईल, त्यात स्टॉपवॉच. रुबाब तर विचारू नका.

बाई खाली सतरंजीवर, पोरांच्या बरोबरीनं बसायच्या. पर्समध्ये शेंगदाण्याची चिक्की असायची. वाचताना अडेल त्याला आधी, फाडफाड वाचेल त्याला नंतर.

आणि वर्गाची एक सवय होती. पूर्णविराम आला की पुस्तकावर एक टिचकी मारायची, थांबायचं, मग पुढचं वाक्य.
एकूण एक पोर.

माझं स्टॉपवॉच पळत होतं आणि पोरं निवांत टिचक्या मारत होती.

"बाई, तेवढी टिचकी बंद करा. शब्द वाढतील."

"वाढतील की. पर सर, टिचकी मारताना पोरगं काय वाचलं त्ये डोक्यात बसवतंय. धापा टाकत वाचून कुठं जायचं हाय त्याला?"

मी हसलो. शेरा लिहिला, अपेक्षेपेक्षा कमी.

बाईंनी कागद सावकाश वाचला. सही केली. म्हणाल्या, "चहा घेऊन जावा सर."

सगळी नोकरी पहिली-दुसरीवर काढलेली बाई. त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला. तरी मी चहा प्यायलो.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शाळेत एका पोरानं सुसाट वाचलं. मी खूश. सहज विचारलं, "गोष्टीतली शेळी कुठं हरवली रे?"

"कुठली शेळी?"

तिथूनच गाडी वळवून बाईंकडं जायला हवं होतं. नाही गेलो.

कमिटीत मात्र भांडलो. शब्दांचा आकडा खाली आणला. वाचून झालं की गोष्टीवर प्रश्न विचारायचा, हे घालून घेतलं. सगळ्यांनी पाठ थोपटली. हे मुळात बाईंचं म्हणणं होतं, ते कुणाला सांगितलं नाही.
बाईंनाही नाही. पुढच्या व्हिजिटला सांगू म्हणत राहिलो.

आज सकाळी त्यांच्या गल्लीत गेलो. कोपऱ्यावर फ्लेक्स लागलाय. बाईंचा हसरा फोटो, खाली एक ओळ. त्यांच्याच वर्गातली एक मुलगी आईचा हात सोडून पुढं आली आणि बोट फिरवत वाचायला लागली.

"आमच्या... लाडक्या... मगदूम बाई... आपल्यातून... गेल्या."

फ्लेक्सवर एक टिचकी मारली. थांबली.

मग आईकडं वळून म्हणाली, "मम्मी, म्हंजे बाई उद्या पण येणार न्हाईत?"

बाई, पोरीनं बरोबर वाचलं. मी स्टॉपवॉच लावलं नाही.

तुमचा वर्ग कच्चा नव्हता. मी चुकीचं लिहिलं. हे तुमच्या तोंडावर सांगायचं होतं, राहून गेलं. माफ करा.

तुमच्या सतरंजीच्या कडेला बसून, मनापासून श्रद्धांजली.