सुपात घेतलेला मुलगा

दर मार्चात मुंबईला अर्थमंत्री अंदाजपत्रक वाचायचे आणि त्यानंतरच्या पहिल्या बाजाराला मी आमच्या गावात त्याची सालं काढायचो. गाव भडगाव-पाचोरा रस्त्यावरचं. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान बस थांब्यासमोर. शिक्षण सातवी नापास, पण पेपर मी जाहिरातींसकट वाचतो, आणि सरकारनं कुठं काय लपवलंय ते मला वासानं कळतं. दुकानापुढं तेलाचा रिकामा पिंप उलटा करायचा, वर चढायचं आणि सुरू व्हायचं.

भिकुबाई सगळ्यांच्या आधी येऊन पिंपाजवळ फतकल मारायची. सगळा जन्म जिनमध्ये सरकी-कापूस उपसण्यात गेलेला. छातीत कापसाची धूळ बसलेली, त्यामुळं माझ्या भाषणात तिचा खोकला ठरलेला.

"पुनाभाऊ, त्या बजेटमा मना नावनं काय शे?"

"तुझ्या नावचं? एक ओळ आहे, माय. निराधारांची."

"मंग ती जोरमा वाच. मांगे ऐकू येस नही."

लोक हसायचे. मी जोरात वाचायचो. हे सगळं ऐंशीच्या दशकातलं. तेव्हा तिला निराधार योजनेची मनीऑर्डर यायची. गावात त्याला पगार म्हणायचे. आमच्या सुकदेव पोस्टमनला ती त्या दिवशी चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही, कारण पगारदार माणसानं चहा पाजावा असं तिचं म्हणणं.

आता सुपडूचं सांगतो. भिकुबाईच्या भिंतीला भिंत लागून गिरधर आणि मंजुळाबाईचं घर. मंजुळाबाईची तीन लेकरं पाळण्यातच गेली. चौथा झाला तेव्हा रीतीप्रमाणं त्याला सुपात घालून भिकुबाईच्या ओट्यावर आणून ठेवलं. भिकुबाईला मूल नव्हतं. जिच्या घरी मरण कधी लेकरू शोधत आलंच नाही, तिच्या नावाआड हे पोर लपेल, असा बायकांचा विचार. भिकुबाईनं ओंजळभर दादर ज्वारी देऊन पोर घेतलं, म्हणून तो सुपडू. दूध आईचं प्यायला, झोपला आईजवळ, पण हाका उलट्या. भिकुबाईला माय, मंजुळाबाईला काकू. घेणारीनं पाळायची गोष्ट एकच. पोर जिवंत आहे तोवर 'हा माझा नाही' असं आपल्या तोंडानं म्हणायचं नाही. म्हटलं की मरणाला घर सापडलं.

शाळेत गुरुजींनी विचारलं, पोर कोणाचं? भिकुबाई पुढं होऊन म्हणाली, "मना." गुरुजींनी तिच्या नवऱ्याचं नाव लावलं, सुपडू अभिमन. अभिमन पुढं दोन वर्षांत वारला, पण नाव राहिलं. तेच रेशनकार्डावर चढलं.

एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास निराधारांच्या याद्यांची फेरतपासणी निघाली. वर सभागृहात दुबळ्यांसाठी तरतूद वाढवल्याचं भाषण, आणि खाली गावोगाव नावं छाटायचं काम. जाणता मुलगा असेल तर बाई निराधार नाही. रेशनकार्डावर भिकुबाईला मुलगा होता. मनीऑर्डर थांबली.

सुपडू तेव्हा तिशी ओलांडलेला, सुरतेला लूमवर. तिकडं बायको आणि तीन लेकरं, इकडं थकलेले गिरधर-मंजुळाबाई. दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला, घरी येताना मायला एक लुगडं आणायचा. त्याच्यानं तेवढंच व्हायचं, आणि तेवढ्यानं तिचं वर्षभर तोंड वर असायचं.

मी तिला तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेलो. तिथले कारकून जीवराम भाऊसाहेब, माणूस वाईट नव्हता. त्यानं फाईल उघडली नि म्हणाला, "आजी, एवढंच लिहून द्या. सुपडू माझा मुलगा नाही, मला मुलगा नाही. पगार पुन्हा सुरू करतो."

"तो मना आंडोर शे."

"मग पगार बंद राहील."

"मंग बंद."

मी तिला ओढतच बाहेर आणलं. माझं डोकं फिरलेलं. "माय, तो तुझ्या पोटचा नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे!"

ती पायरीवर बसली, खोकला सरेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "बठ्ठा गावले माहीत शे, पुनाभाऊ. मरणले माहीत नही."

पण मला गप्प बसता येत नाही, हा माझा जुना रोग. त्या हिवाळ्यात ती दुसऱ्यांच्या शेतातली उरलीसुरली बोंडं वेचताना मी पाहिली आणि दुकानात येऊन प्रतिज्ञापत्र लिहून काढलं. माझ्या अक्षरात. 'सुपडू हा माझा मुलगा नाही. मला मुलगा नाही.' शाईचं पॅड घेऊन तिच्या घरी गेलो.

"कशाना कागद शे?"

"सरकारच्या विरोधातला."

"मंग दोन ठिकाने अंगठा ले," म्हणाली आणि हसली.

वीस वर्षांत माझ्या किती अर्जांवर तिचा अंगठा होता. पाण्याचा, रेशनचा, जिनमधल्या मजुरीचा. वाचून दाखव, असं ती एकदाही म्हणाली नव्हती. त्याही दिवशी म्हणाली नाही. अंगठा लुगड्याला पुसला आणि चुलीकडं वळली.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद कचेरीत देऊन आलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मार्च आला. नवं अंदाजपत्रक आलं. बाजाराला तोबा गर्दी. मी पिंपावर चढलो. सांगितलं, की बाबांनो, तरतूद वाढली म्हणतात, पण ज्यांच्यासाठी वाढली तीच माणसं यादीतून पुसतात. यादीतले गरीब कमी झाले की भाषणात गरिबी कमी होते. टाळ्या पडत होत्या. आवाज चढत गेला, आणि एका क्षणी खिशातून प्रतिज्ञापत्राची नक्कल काढून मी फडकवली.

"चार घास मिळावेत म्हणून या सरकारनं एका म्हातारीकडून काय लिहून घेतलं, ऐका! सुपडू हा माझा मुलगा नाही! मला मुलगा नाही! खाली भिकुबाईचा अंगठा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी खाली पाहिलं तर भिकुबाई माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. ओळखीचा माणूस भर गर्दीत एकाएकी ओळखू येईनासा व्हावा, तशी. मग ती उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि माणसांतून वाट काढत निघून गेली. त्या दिवशी तिचा खोकलाही ऐकू आला नाही.

त्यानंतर ती माझ्या दुकानावरून गेली नाही. लांबून, खळ्याच्या बाजूनं जायची.

आखाजीला सुपडू आला. झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या. मी गिरधरच्या ओट्यापाशी पोचलो तेव्हा भिकुबाई तेच जुनं सूप घेऊन उभी होती, कडा नव्यानं शिवलेलं.

मंजुळाबाई हसत होती. "ओ बाई, ह्या घोड्याले सूपमा कसा बसाडू?"

सुपडू म्हणाला, "माय, सूप फुटी जाई!"

"बठू नको. एक पाय ठेव."

तीन लेकरांचा बाप, त्यानं चप्पल काढली आणि सुपात पाय ठेवला. भिकुबाईनं ओंजळभर दादर मंजुळाबाईच्या पदरात ओतली.

"हाऊ कोना शे?"

"तुना," मंजुळाबाई म्हणाली. आता ती हसत नव्हती.

"जोरमा सांग. पिंपपर्यंत ऐकू जावाले पाहिजे."

"तुना शे! तुना शे, भिकुबाई!"

मी तिथं उभा होतो. कोणी मला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

आखाजीनंतर मंजुरी आली आणि पहिली मनीऑर्डर. सुकदेव पोस्टमन ती तशीच घेऊन माझ्या दुकानात आला. "पुनाभाऊ, आजी घेत नाही. म्हणते, ज्या बाईले आंडोर नही तिना पैसा शे. ती बाई आठे ऱ्हास नही."

मी तिच्या घरी गेलो. ओट्याखाली उभं राहून म्हटलं, "माय, मी चुकलो. पैसे तेवढे घे. हवं तर मला शिव्या दे."

ती दाणे निवडत होती. वर न बघता म्हणाली, "सरकारले जमनं नही, पुनाभाऊ. तुले जमनं."

दर महिन्याला मनीऑर्डर यायची आणि परत जायची. मंजुळाबाई भाकरी द्यायची, कधी भिकुबाई घ्यायची, कधी झाकून ठेवायची. पावसाळ्यात छाती भरली. मी औषधं पाठवली, ती बाटली तशीच खिडकीत दिसायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी ती गेली.

तार मिळताच सुपडू सुरतेहून आला. अग्नी त्यानंच दिला. बारावं झाल्यावर योजनेतून नाव कमी करायला त्याला घेऊन मी कचेरीत गेलो. डोकं मुंडलेला सुपडू दाराशी उभा राहिला.

जीवराम भाऊसाहेबांनी अर्ज ओढला. "मयताला मुलगा?"

"आहे," मी म्हटलं.

त्यानं फाईल माझ्यापुढं सरकवली. "तुमचंच अक्षर आहे. मुलगा नाही."

"ते खोटं आहे. मी लिहिलं. तिला वाचून दाखवलं नाही."

"पुनाभाऊ, हे लिहून देऊ नका. तुमच्यावर शेकेल. आणि येत्या मार्चात त्या पिंपावर कसे चढाल?"

"कोरा कागद द्या."

त्यानं दिला. मी लिहिलं, भिकुबाई अभिमन हिला एक मुलगा होता व आहे, नाव सुपडू. आधीचं प्रतिज्ञापत्र मी तिला फसवून केलं. मग सही करायच्या आधी तो कागद हातात धरून मी उभा राहिलो आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत जोरात वाचला, दाराशी ऐकू जाईल असा.