काकूंना काय सांगू?

मंडळी, आज मन फार जड आहे.

मी आनंदनगरच्या एका लॅबमध्ये केमिस्ट आहे. पेशीत प्रोटीन बनवायचा निरोप नेणाऱ्या आरएनएची कापाजोड बिघडवून कॅन्सर वाढवणारं एक प्रोटीन आहे. त्याला अडवणाऱ्या रसायनावर आम्ही तीन वर्षं काम करत होतो. आज रिपोर्ट आला. ते रसायन निरोगी पेशीही मारतं. प्रोजेक्ट बंद.

संध्याकाळी मांजर्लीत घरी परतले, तर गेटवर शेजारचे काका भेटले. काकूंना ब्लड कॅन्सर आहे.

"पोरी, तुमचं औषध कुठवर आलं गं?"

"काका, नाही जमलं."

त्यांनी गेटची कडी लावली. मग म्हणाले, "हिला सांगू नकोस. रोज तुझी वाट बघते."

मी वर पाहिलं. काकू खिडकीतून हात हलवत होत्या.

उद्या त्यांनी विचारलं, तर खोटं बोलू का?