गोरखचिंचेचा उपयोग

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. अलिबाग आणि मुरूडच्या मधे किनाऱ्यावर आहे, नगरपालिका आहे, एवढं पुरे. ज्या सभेची ही गोष्ट, तिच्यातली निम्मी माणसं अजून पान खाऊन पिंका टाकत हिंडतात आणि मला त्यांच्याशी भांडायचं नाही. खरं तर भांडायचंच आहे, पण आधी आवडाबाईबद्दल सांगतो.

आवडाबाई कोळीण बाजारपेठेत गोरखचिंचेच्या बुंध्याशी मासे विकायला बसायची. झाड केवढं, तर बुंध्याला कवेत घ्यायला सहा माणसं लागत आणि शेंडा सगळ्या कौलांच्या वर. त्या झाडाच्या गोष्टी तिच्या तोंडून ऐकाव्यात. कुणा हबशी खलाशाने हातातली काठी रागाने जमिनीत खुपसली, तिचं हे झाड झालं. प्लेगात अर्धी पेठ याच्याखाली राहायला आली आणि इथेच एक बाळंतीण सुटली. मिठाच्या सत्याग्रहातला एक मास्तर तीन दिवस याच्या ढोलीत लपला होता आणि तिसऱ्या दिवशी शिंकला. तो शिंकला, इथपर्यंत आणून बाई थांबायची आणि म्हणायची, "बोंबील किती देऊ?" घेतल्याशिवाय पुढचं कळत नसे. मी नगरपालिकेतला कारकून, ब्राह्मणाचा पोर, घरी मासे चालत नसत. तरी दोनदा मांदेली विकत घेऊन शेजाऱ्याला दिली आहेत.

एक गोष्ट मात्र ती कुणालाच सांगत नसे. मला ती फार उशिरा कळली, तुम्हाला आत्ताच सांगतो.

तिचा नवरा भागोजी तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, स्वातंत्र्याच्या साली तापाने गेला. जाताना त्याने तिच्या कानात खूण सांगितली. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडप आहे. बाहेरून येताना गोरखचिंचेचा शेंडा मागच्या डोंगराच्या खाचेत बसला, की होडी सरळ आत घ्यायची. शेंडा खाचेच्या डावीकडे सरकला, की खाली खडक. मुलगा रघू तेव्हा दहा वर्षांचा होता. तो होडीवर जायला लागला, तेव्हा आवडाबाईने दार लावून त्याला ती खूण दिली आणि देवाची शपथ घातली.

कोळ्यांची रीतच तशी. खूण पोटच्या पोराला सांगायची, सख्ख्या भावालाही नाही. मासळीच्या जागेची खूण लपवतात, ते मी समजू शकतो. दुसरा जाऊन जागा उपसून आणेल. पण घरी यायच्या वाटेचीही लपवायची? काय शहाणपण हे! पण सवय ती सवय. प्रत्येक घराला वाटे, ही खूण आपल्याच बापजाद्यांनी हेरली, बाकीचे आपले अंदाजाने येतात.

सत्तावन्न साली आमचे अध्यक्ष दिनानाथशेठ यांच्या मनात भरलं, की एस.टी. थेट पेठेत आली पाहिजे. त्यांचं कापडाचं दुकान तिथेच होतं, हा योगायोग समजा. गाडी वळायला झाड आड येत होतं. हरकती मागवल्या. चैत्रात सुनावणी ठेवली आणि अख्खी पेठ सभागृहात लोटली. लिहायला मी.

आवडाबाई माशांची पाटी दाराशी ठेवून पुढे आली. खलाशी झाला, प्लेग झाला, मास्तराची शिंक झाली. लोक हसले, रडले. अब्दुस्समद, ज्यांना आम्ही समदभाई म्हणायचो, त्यांची स्वतःची होडी होती. त्यांनी फकिराची गोष्ट सांगितली. नीराबाई म्हणाली, तिचं लग्न या झाडाखाली ठरलं. दोन तास असं चाललं. दिनानाथशेठ पंख्याखाली बसून ऐकत होते.

मग ते म्हणाले, "गोष्टी झकास आहेत. पण बाई, झाडाचा उपयोग काय? फळ कोण खात नाही, लाकूड जळत नाही. काही उपयोग असेल तर सांगा, आत्ता काम थांबवतो."

मी आवडाबाईकडे बघत होतो. तिने तोंड उघडलं. मग वळून मागे पाहिलं. मागे कोळीवाड्यातले वीस तांडेल, समदभाई, सगळे बसलेले. तिने तोंड मिटलं. समदभाई जमिनीकडे बघत होते. बाकीचे तांडेलही. जी बाई बोंबील खपवायला सत्तर गोष्टी सांगायची, तिला एक वाक्य सांगवेना.

"लिहा," शेठ मला म्हणाले. मी लिहिलं, उपयोग: काही नाही. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

वैशाखात झाड पाडलं. ठेकेदाराने लाकूड फुकट मिळतंय म्हणून आनंदाने नेलं. ते भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं निघालं, चुलीत नुसतं धुमसलं. चार महिने ढलपे ओढ्यात कुजत होते आणि एस.टी. तरीही पेठेत आली नाही, ड्रायव्हर म्हणाला, वळण अजून अरुंद आहे! इतका गाढवपणा मी पुन्हा पाहिला नाही.

नारळी पुनवेनंतर होड्या बाहेर पडल्या. चौथ्या दिवशी दुपारी पावसाची झड आली, ओहोटी लागलेली. आधी रघूची होडी आली, देवाच्या कृपेने. मागून समदभाईंची. होडीवर त्यांचा मुलगा सिराजुद्दीन होता, रघूच्या वयाचा. दोघं लहानपणी त्याच ढोलीत खेळले होते. धक्क्यावरून सगळ्यांना दिसत होतं, होडी एकदा उजवीकडे वळली, एकदा डावीकडे. डोंगराची खाच दिसत होती. तिच्यात बसवायला काही नव्हतं. मग होडी खडपावर चढली. तीन खलाशी पोहत आले. सिराज तिसऱ्या दिवशी काशीदच्या बाजूला सापडला.

दफन झाल्यावर आवडाबाई समदभाईंच्या अंगणात गेली. कोळीवाडाही जमला होता. ती सिराजच्या आईसमोर, आबिदासमोर, बसली आणि म्हणाली, "आबिदा, मना म्हाईत व्हतं. झाडाची खूण माज्या नवऱ्याची. मी त्या दिशी बोलले न्हाय."

समदभाई ओट्यावरून उठले. "काय बोलतेस, आवडाबाय? ती खूण माज्या बापाची!"

मग एक म्हातारा तांडेल म्हणाला, आमचीपण. मग दुसरा. वीसच्या वीस. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना? आमच्या गावात प्रत्येकाने मूठ झाकली आणि सगळ्यांच्या मुठीत एकच चीज होती.

आबिदा उठून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडाबाई कचेरीत आली. पाटी नव्हती. सरळ माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "ती वही काड."

"आवडाबाई, सुनावणी संपली," मी म्हणालो.

"वही काड म्हंते ना! हितं उपयोग कोन लिवला? तू लिवला. आता मी सांगते, ते लिव."

आतून दिनानाथशेठ बाहेर आले. सरकारी वहीत असं मागाहून काही लिहिता येत नाही, म्हणाले. आवडाबाई त्यांच्याकडे वळली. "तुमी उपयोग इचारलाव, शेट. मी तवा गप रायले, मी पापीन हाय. आता बोलतंय तर आयका." मग तिने भर कचेरीत, दारं सताड उघडी असताना, आपल्या सासऱ्याच्या आणि नवऱ्याच्या सगळ्या खुणा मोठ्याने सांगितल्या. देवळाचा कळस, मशिदीचा मिनार, पोस्टामागची दोन ताडं, नागावच्या बाजूची उंच माडाची रांग. कशाच्या रेषेत काय, खाली किती पाणी, कुठे पापलेट. बाहेर लोक जमले. रघू दारात उभा होता. आपल्या घराची कमाई आई रस्त्यावर उधळते आहे, हे त्याला कळत होतं. तो अडवायला पुढे आला नाही.

मी लिहीत गेलो. शेठ दोनदा "थांबा" म्हणाले. मी थांबलो नाही. दोन दिवसांनी समदभाई आले, मग बाकीचे. सगळे कुजबुजत सांगत आणि आवडाबाई बाकावरून खेकसे, "मोट्यान् बोल!" पोस्टामागची ताडं त्या वहीमुळे अजून उभी आहेत.

पण त्या पहिल्या सकाळी, खुणा सांगून झाल्यावर, ती निघेना. तिने वहीवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी बोट बरोबर जागी पडलं.

"ह्ये 'काई न्हाय' लिवलंय, त्याच्या म्होरं लिव," ती म्हणाली. "सिराजुद्दीन अब्दुस्समद. वय वीस."

मी लिहिलं. त्याच चांगल्या अक्षरात.