विंगेतून सांगितलेलं वाक्य

नानाजी चाळीस वर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करत आले. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत नटांना नाटक पाठ करायला सवड नसते. विंगेतून जे ऐकू येईल ते बोलायचं. अशी हजारो वाक्यं नानाजींच्या तोंडून गेली, त्यातलं एकही त्यांचं नव्हतं. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. आता मात्र पाठ धरायची, डोळ्यांना पाणी यायचं. यंदाचं हे शेवटचं, असं त्यांनी बायकोला, गुणाबाईंना, सांगून ठेवलं होतं.

यंदाचं नाटक गावच्याच तलावाचं होतं. चामोर्शीला शिकवणाऱ्या धनराज गुरुजींनी ते लिहिलं होतं. त्यात मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, कारकून तलावाचा इतिहास लिहायला बसतो आणि काय ठेवायचं, काय गाळायचं यावरून मालकाशी त्याचा वाद होतो. तालमीत तो प्रवेश वाचताना नानाजी थांबले.

"गुरुजी, तलावाची पाळ बांधतानी माहा आजा मातीखाली गेला. झिंगू नाव त्याचं. तेवढं टाकता येईन का?"

"कागद हाये का कुठी?"

"कागद नाई. बाप सांगे."

"मंग जाऊ द्या ना, नानाजी. उद्या कोणी म्हणन, मार्कंड्याचं जुनं देऊळ माह्या आजानं बांधलं."

सगळे हसले. नानाजीही हसले.

प्रयोगाला मैदान भरलं होतं. तो प्रवेश आला. कारकून झालेल्या निकेशनं टाक उचलला आणि विंगेकडे कान दिला. नानाजींनी नाटकाच्या वहीवरचं बोट काढलं.

"पाळीखाली झिंगू मेला, तेही लिहितो."

निकेशनं ते खणखणीत म्हटलं आणि पुढच्या वाक्यासाठी थांबला. नानाजींजवळ पुढचं वाक्य नव्हतं. झिंगू कोणत्या साली मेला, किती वयाचा होता, त्याला बाहेर काढलं की तिथंच राहू दिलं, बापानं काही सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. निकेश टाक धरून बसून राहिला. शेवटी नानाजींनी बोट वहीवर ठेवलं आणि लिहिलेलं सांगू लागले.

पडदा पडल्यावर गुरुजी विंगेत आले. रागावतील असं नानाजींना वाटलं, पण ते शेजारी बसले.

"लोक इचारून राह्यले, झिंगूचं पुढं काय झालं म्हणून. सांगा, लिहून घेतो."

"मले नाव तेवढंच मालूम हाये."

गुरुजींनी पेन उघडलं. मग त्यांनी वहीत कारकुनाच्या तोंडी ते एकच वाक्य घातलं.

"या वाक्यानंतर निकेशले असंच थांबू द्याचं का?"

"द्या," नानाजी म्हणाले.